हरवलेला गायक आणि स्पीकरमागचा नॉब : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

खिशात मावणारा माझा म्युझिक प्लेअर घराबाहेरच्या दोन स्पीकरना जोडल्यावर आवाज अगदीच क्षीण का येत होता, हे कोडे आपण केवळ फोनवरून प्रश्न विचारून सोडवून दिलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की माझ्या हातून झालेल्या दोन्ही चुका इतक्या सहज होण्याजोग्या आहेत, की हाच त्रास आणखी कोणी निमूटपणे सोसत असेल, असे मला वाटते.

आपल्याला फोन करण्यापूर्वी माझा निकाल ठरलेला होता. प्लेअर दुबळा, ॲम्प्लिफायर अपुरा आणि जागा मोकळी. प्लेअरमधली आवाजाची कमाल मर्यादा मी काढून टाकली होती, इक्वलायझर बंद केला होता, पिन पुरती आत बसली आहे ना हेही पाहिले होते. तेवढ्याने काही फरक न पडल्याने ५० वॅटच्या जागी अधिक मोठा ॲम्प्लिफायर घ्यायचा, एवढेच बाकी राहिले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, तसाच हा प्रकार झाला असता.

आपण पहिलाच प्रश्न असा विचारलात, की आवाज कमी आहे की पातळ आहे. हा भेद माझ्या मनातही आला नव्हता. पुन्हा नीट ऐकले तेव्हा लक्षात आले, की वाद्ये दूरवरून का होईना ऐकू येत होती, पण गायक जवळजवळ नाहीसा झाला होता आणि त्याच्या आवाजाचा घुमारा तेवढा मागे उरला होता. मोकळ्या जागेत भिंतींवरून आवाज परतत नाही आणि अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो, ही माझी सबब आपण मान्य केलीत. मात्र मोकळी हवा एकट्या गायकाला निवडून गायब करत नाही, असेही सुनावलेत. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘मोनो’, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना एकच आवाज, चालू करायला सांगितलेत, आणि ते चालू करताच उरलासुरला आवाजही जवळपास बंद पडला. मी घाबरलो, आपण मात्र “सापडलं!” म्हणालात.

दोष वायरीत होता. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन असलेली वायर मी ॲम्प्लिफायरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली होती. असे इनपुट पिनेचे टोक आणि त्यामागचे कडे यांवरच्या संकेतांतला फक्त फरक पुढे पाठवते, म्हणजे माझ्या बाबतीत डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा होत होती. गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत मध्यभागी, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तोच आधी जातो. मोनो केल्यावर तर दोन्ही बाजू सारख्याच झाल्या आणि बाकी शून्य उरली. आपल्या सांगण्यावरून मी एका बाजूला स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन स्वतंत्र मोनो पिना असलेली वायर आणली आणि त्या पिना दोन वेगवेगळ्या लाइन इनपुटमध्ये लावल्या. डावी-उजवी तार नुसती पिळून एकत्र करण्याचा माझा बेत आपण वेळीच मोडून काढलात, कारण तसे केल्याने प्लेअरचे दोन आउटपुट एकमेकांवरच भार टाकत राहतात.

गायक परतला; आवाज मात्र अजूनही बेताचाच होता. तेव्हा स्पीकरच्या पाठीमागे काय छापले आहे ते अक्षरन् अक्षर वाचून दाखवायला आपण लावलेत. तिथे एक छोटा नॉब होता आणि त्याभोवती ५, १०, २० वॅट आणि ८ ओहम अशा खुणा होत्या. ‘८ ओहम’ एवढेच वाचून मी तारा ॲम्प्लिफायरच्या ८ ओहमच्या स्क्रूला जोडल्या होत्या. नॉब मात्र २० वॅटवर, म्हणजे १०० व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मरवर होता; या पद्धतीत ॲम्प्लिफायर तारांतून जास्त व्होल्टने आवाज पाठवतो आणि स्पीकरमधला ट्रान्सफॉर्मर तो पुन्हा उतरवतो. त्यानंतरचे गणित आपण फोनवरच करून दाखवलेत. १०० व्होल्टला २० वॅट घेणारा स्पीकर ५०० ओहमचा भासतो, आणि ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्क्रूवर फार तर २० व्होल्ट देतो, म्हणजे प्रत्येक स्पीकरला जेमतेम ०.८ वॅट मिळत होता. ॲम्प्लिफायर कितीही मोठा आणला असता, तरी त्याची बरीचशी शक्ती अशीच पडून राहिली असती.

नॉब ८ ओहमवर फिरवणे हा एक उपाय होता. पण समांतर जोडलेले दोन स्पीकर मिळून ४ ओहम होतात, ते ८ ओहमच्या स्क्रूला जड गेले असते, आणि माझ्या तारा लांब व बारीक आहेत, हे आपण लक्षात घेतलेत. २० वॅटसाठी ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे १.६ अँपिअर प्रवाह लागतो, तर १०० व्होल्टवर ०.२ अँपिअर पुरतो, त्यामुळे तारांतली गळती नगण्य राहते. म्हणून नॉब २० वॅटवरच ठेवून ॲम्प्लिफायर बंद केला, तारा १०० व्होल्टच्या स्क्रूवर हलवल्या आणि उघडी टोके झाकून घेतली. दोन्ही स्पीकर मिळून ४० वॅट होतात, म्हणजे ५० वॅटच्या आत थोडी जागाही राहिली. तारा १०० व्होल्टवर असताना स्पीकरचा नॉब चुकूनही ८ ओहमवर न्यायचा नाही, ही आपली ताकीद मी ॲम्प्लिफायरच्या पाठीवर चिठ्ठीच्या रूपात चिकटवली आहे.

प्लेअर आता कमाल आवाजाच्या थोडा खाली असतो, ॲम्प्लिफायरचा नॉब अर्ध्यावरही न्यावा लागत नाही, आणि पूर्वी तो पूर्ण फिरवल्यावर येणारी खरखरही गेली आहे. नव्या ॲम्प्लिफायरचा विचार मी सोडून दिला. जुनी वायर मात्र जपून ठेवली आहे. पुढे कोणी गायक हरवल्याची तक्रार घेऊन आले, तर मोनोचा तो प्रयोग त्यांना करून दाखवता येईल.

आपला कृतज्ञ,
फोनवर तीनदा त्रास देणारा