क्रीडा संकुलातला लाकडी हॉल नृत्य शिकणाऱ्या मुलांनाही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात बॅडमिंटनसाठी लाकडी फळ्यांचा हॉल आहे. संध्याकाळी थोडेफार खेळाडू येतात, बाकी दिवसभर कुलूप. माझी मुलगी कंटेम्पररी, म्हणजे समकालीन, नृत्याच्या ग्रेड परीक्षेची तयारी करते आहे. सकाळचे दोन तास हॉल मिळावा म्हणून अर्ज केला, तर "नाचगाण्यासाठी हॉल भेटत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी उत्तर मागितले, ते आलेच नाही.

मी दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत तबला वाजवतो, पावसाळ्यात धान करतो. नाच म्हटले की लोकांच्या मनात काय येते, ते मला चांगले ठाऊक आहे. म्हणून या परीक्षेत काय करावे लागते ते सांगतो. आधी जमिनीवरचे व्यायाम: बसून, लोळून, खांद्यावरून पलटी घेऊन उठणे. मग तोल, मग उड्या, मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके जाणे. एक रचना ठरवून दिलेली असते आणि एक मुलीने स्वतः बसवायची असते. श्वास सोडताना पोट आत ओढून पाठ गोल करायची आणि श्वास घेताना मोकळी करायची, हे मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीने घडवलेले तंत्र. आपल्याकडचे नर्तक अस्ताद देबू यांनी कथक आणि कथकली तर शिकलीच, शिवाय लंडनला जाऊन हे तंत्रही शिकले आणि पुढे कर्णबधिर मुलांना घेऊन नृत्ये बसवली. एवढी मोठी परंपरा असलेल्या विद्येला 'नाचगाणे' म्हणून दारातूनच परत पाठवतात, याचे वाईट वाटते.

तिची मोजणी आठ-आठची आहे, ती माझ्या आठ मात्रांच्या केरवा तालात नेमकी बसते. सहाची रचना आली तेव्हा मी सहा मात्रांचा दादरा धरला. तर म्हणाली, "बाबा, सम एवढी जोरात नका देऊ, मला तिथं श्वास घ्यायचा आहे." इतकी वर्षे साथ करतो, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, श्वास घेणारा कलाकार मी पहिल्यांदा पाहिला.

स्वतःची रचना तिने रोवणीवर, म्हणजे धानाची रोपे लावण्यावर, बसवली आहे. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाया वाकून मागे मागे सरकतात, तेव्हा आधी पायाची बोटे चिखलात जागा शोधतात, मग टाच टेकते, पाठ मात्र उठत नाही. तेवढीच हालचाल घेऊन ती पूर्ण तिरकी रेष मागे जाते. त्यासाठी जागा लागते. सारवलेल्या अंगणात पाय सरकत नाही, पोपडे निघतात. समाजमंदिरात सिमेंटवर टाइल्स आहेत. उडीवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायावर येतो. लाकडी फळ्यांखाली पट्ट्या आणि पोकळी असते, म्हणून फळी जराशी दबते आणि धक्का ओढून घेते. सिमेंट दबत नाही, तो सगळा धक्का हाडाला बसतो. मुलीच्या नडगीची आतली बाजू आता बोट लावले तरी दुखते. डॉक्टरांनी उड्या थांबवायला सांगितल्या आणि सराव कुठे करतेस, हे पहिले विचारले.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी ही धडपड आहे, असा काहींचा समज आहे. ते गुण शास्त्रीय कला आणि लोककलेला मिळतात, या नृत्याला नाही. आम्ही ते मागतही नाही. फरशी खराब होईल, ही शंका मात्र रास्त आहे. तर हे नृत्य अनवाणी करतात. घुंगरू नाहीत, बूट नाहीत, टेबल-खुर्ची ओढायची नाही. घाम पडतो, तो आम्ही रोज पुसून देऊ.

संकुल समितीने सकाळी सहा ते आठ हा वेळ नृत्य, योग, मल्लखांब शिकणाऱ्या मुलांसाठी राखावा. परवडेल असे भाडे ठरवून ते फलकावर लावावे आणि अर्जाला उत्तर लेखी द्यावे. किल्ली घेणे, हॉल झाडणे, दिवे बंद करणे ही जबाबदारी आम्ही पालक पाळीपाळीने घेऊ. तसे लिहूनही देतो.

आपला,
झाडीपट्टीतील एक तबलावादक पालक,
जि. चंद्रपूर