तुम्ही प्रोब खाली नेलात म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

जेल गार लागलं म्हणून मान आक्रसून बसलेली ती आठ वर्षांची मुलगी आठवते का? मी तिची आई.

हनुवटीच्या खाली, गळ्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ. जीभ बाहेर काढली की वर सरकायची. 'थायरोग्लोसल सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली गाठ आहे, काढून टाकू' असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, ऑपरेशनची तारीखही ठरलेली. सोनोग्राफी म्हणजे फाइलला जोडायचा एक कागद, असंच मी धरून चालले होते.

तुम्ही गाठ पाहिलीत आणि थांबला नाहीत. "ही पाण्याची नाही, भरीव दिसतेय," म्हणत प्रोब, म्हणजे ते सोनोग्राफीचं हातातलं यंत्र, खाली श्वासनलिकेवर नेलात. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग म्हणालात, "थायरॉईड इथे असायला हवी. नाहीये."

रिपोर्टच्या पाकिटावर तुम्ही काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी उगवते आणि सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यात उतरते. कुणाच्या ग्रंथीला वर जाणारं शेपूट राहतं, त्याने बहुधा काही बिघडत नाही. कुणाची उतरायची वाट बुजत नाही, तिथे सिस्ट होते. आमच्या लेकीची ग्रंथी मात्र अर्ध्या वाटेवरच बसून राहिली. म्हणजे सिस्ट समजून कापायला निघालो होतो ती तिची एकुलती एक थायरॉईड!

सर्जनना फोनही तुम्हीच केलात. पुढे थायरॉईडच्या स्कॅनमध्येही तेवढी एकच जागा उजळली. थायरॉईड कमी पडली की रक्तात वाढणारा टीएसएच खूप वाढलेला निघाला. बद्धकोष्ठ, सारखी पेंग, न वाढणारी उंची, सगळ्याचा उलगडा झाला. आळशी म्हणून मी तिला किती बोलले होते, ते आता आठववत नाही. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन ही तपासणी करता येते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, दूध त्यानंतर तासाभराने. गाठ थोडी बसलीय. शाळेत उंचीप्रमाणे लावलेल्या प्रार्थनेच्या रांगेत लेक कायम पहिली असायची. परवा घरी येऊन दप्तर न उतरवताच म्हणाली, "आई, माझ्यापुढे आता तिघी आहेत."

तुमची ऋणी,
तिची आई