बाग केवळ पाहण्यापुरती नको

माननीय संपादक महोदय,
स. न.

वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींचा सांभाळ करणाऱ्या अनेक संस्थांच्या माहितीपत्रकावर बागेचे छायाचित्र असते. त्या बागेत तेथे राहणाऱ्यांनी स्वतः काम करायचे की नाही, याचा मात्र त्यात उल्लेख नसतो.

माझी आई अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अशाच एका संस्थेत राहत होती. खिडकीतल्या जास्वंदीची पिवळी पाने खुडणे, हे तिचे दिवसातले एकमेव स्वतःचे काम होते. तिला त्रास नको म्हणून मदतनीस सकाळीच पाने काढून टाकत आणि पाणीही घालून जात. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण आईच्या हाती काही उरत नसे. आमच्या विनंतीवरून ते काम तिला परत मिळाले, तेव्हा व्यायामाच्या वेळी उजवा हात हलवायला तयार नसलेली आई त्याच हाताने कुंडीची कड धरून डाव्या हाताने पाने खुडू लागली.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना आपापले रोप निवडून स्वतः सांभाळण्यास सांगितले गेले आणि दिनक्रमातील इतर काही निर्णयही त्यांच्यावर सोपवले गेले. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण त्यांची निगा परिचारिकांनी राखली. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक सतर्क आणि उत्साही आढळले. याचे सारे श्रेय एकट्या रोपाला देता येणार नाही, हे मान्य. परंतु रोपे दोन्हीकडे होती आणि जबाबदारी एकीकडेच होती, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

यासाठी मोठी जागा लागत नाही. चाकांच्या खुर्चीवरून काम करता यावे म्हणून टेबलासारखा उंच, खाली गुडघे जातील असा वाफा हवा, आणि एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर त्याची रुंदी सुमारे ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. पकड कमजोर असलेल्यांसाठी खुरप्याची मूठ कापड गुंडाळून जाड करता येते. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी पायवाट फिरून सुरुवातीच्या जागीच येणारी असावी, म्हणजे वाट संपल्याने ते गोंधळत नाहीत. कण्हेर, धोतरा यांसारखी विषारी झाडे अशा बागेत मुळीच नसावीत. उतारवयात त्वचा पातळ होते, त्यामुळे हातमोजे आणि धनुर्वाताची लस यांकडेही लक्ष द्यायला हवे.

पडण्याची भीती आणि मनुष्यबळाची कमतरता या संस्थाचालकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही पलंगाजवळच्या एका कुंडीपासून आरंभ करणे कोणत्याही संस्थेला शक्य आहे. आपल्या माणसासाठी संस्था पाहायला जाणाऱ्या कुटुंबीयांनी खोल्यांबरोबर बागही पाहावी आणि तिथल्या रोपांना पाणी कोण घालते, हे आवर्जून विचारावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक