पंक्चर काढले, पण काटा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरापासून शाळेपर्यंतचे जाऊन-येऊन १४ किलोमीटरचे अंतर मी रोज सायकलने कापतो. गेल्या महिन्यात तीन आठवड्यांत मागचे चाक चार वेळा बसले. दोनदा ठिगळ लावले, तिसऱ्या वेळी नवी ट्यूब घातली, तरी चौथ्या वेळीही सायकल हातात धरून घर गाठावे लागले. ‘रस्तेच तसे आहेत, गुरुजी,’ हे दुकानातले उत्तर मीही तोवर मान्य केले होते.

चौथ्या वेळी मात्र टायर घरीच उतरवला. उतरवण्याआधी व्हॉल्व्हशेजारी टायरवर खडूने खूण केली, ट्यूब बादलीत बुडवून बुडबुड्यांची जागा शोधली आणि व्हॉल्व्हपासून त्या छिद्रापर्यंतचे अंतर टायरवर खुणेच्या दोन्ही बाजूंना मोजले. वरून काहीच दिसेना. आतून कापसाचा बोळा फिरवल्यावर एका जागी त्याचे तंतू अडकले आणि तिथून जेमतेम तीन मिलिमीटरचा पोलादी तारेचा तुकडा चिमट्याने निघाला. ट्रकच्या फुटक्या टायरमधून अशा तारा रस्त्यावर सांडतात. चारही पंक्चर त्या एकाच तारेची होती, हे जुन्या ट्यूबवरची दोन ठिगळे व तिसरे छिद्र यांचे व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजून पाहिल्यावर लक्षात आले.

छिद्र कुठे आहे, यावरूनच पंक्चरचे निम्मे निदान होते. ते रस्त्याकडच्या अंगाला असेल तर काटा, काच किंवा तार. रिमच्या अंगाला असेल तर आतली पट्टी सरकून स्पोकचे टोक टोचत असणार. आणि शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर दोष काट्याचा नसून कमी हवेचा, कारण खड्ड्याच्या कडेवर आदळताना ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली जाते. हवा किती भरावी हे टायरच्या बाजूवरच छापलेले असते (माझ्या टायरवर ४० ते ६५ पीएसआय आहे), पण अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणण्याची आपली सवय काही जात नाही. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू कमी होतेच, म्हणून आठवड्यातून एकदा पंप मारावा. बहुतेक भार मागच्या चाकावर असल्याने तिथे थोडी जास्त. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवरील रबरी वॉलट्यूब चिरली असेल, तर पंक्चर नसतानाही चाक बसते. तिथे थुंकीचे बोट लावून पाहायला पैसे पडत नाहीत.

आमच्या सोलापूरकडे या काळजीत सराट्याची भर पडते. पावसानंतर रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या इवल्या फुलांची ही वेल दिसायला गरीब. पण तिचे फळ वाळले की त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन लांब व दोन आखूड काटे असतात. फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. वाहनांच्या भीतीने सायकलस्वार नेमका डांबराच्या कडेने जातो, आणि वाऱ्याने व झाडूने लोटलेला कचराही तिथेच साठतो. फळे वाळण्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदातच ही वेल मुळासकट उपटली तर पुढचे कित्येक काटे वाचतील. शाळांच्या आवारापुरते तरी हे काम आम्ही शिक्षक-विद्यार्थी करू शकतो आणि यंदा करणारही आहोत.

पंक्चर काढणाऱ्या कारागिरांचे काम कष्टाचे आहे आणि मिळकत थोडी, याची मला जाणीव आहे. तरीही त्यांना एक विनंती आहे. ठिगळ लावल्यावर टायर चढवण्याआधी आतून एकदा हात फिरवावा आणि सापडलेला काटा पैसे घेताना गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवावा. गिऱ्हाइकांनीही तो मागून घ्यावा.

आपला,
एक सायकलस्वार शिक्षक, सोलापूर