काकू, चोपडी परत पाठवतोय

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

तुमची प्रेमाच्या सिनेमांच्या नोंदींची लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी या पत्रासोबत परत पाठवत आहोत. पत्र मुद्दाम उघडं लिहिलंय. चोपडीच्या झेरॉक्स आता दांडिया बाजारातून निघून रावपुरा, वाडी, पार मांजलपूरपर्यंत पोचल्यात. आभार कशाचे आणि भांडण कशावरून, हे त्या वाचणाऱ्यांनाही कळू दे.

प्रेमाच्या सिनेमांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. नाव, साल, नट-नटी आणि शेवटी ‘चुकवू नका’. तुम्ही मात्र हिशेबाच्या आखणीतच सिनेमे बसवलेत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला सिनेमा काय देतो ते, आणि नावेला तो आपल्याकडून काय घेतो ते: किती मिनिटं, कितव्या मिनिटाला उठावंसं वाटेल, पंखा चालवावा का, कोणाबरोबर बघू नये. आभार आहेत ते या उजव्या रकान्याचे. संथ सिनेमा फसतो तो बहुतेक वेळा सिनेमामुळे नाही. जेवण झाल्यावर, साडेदहाला, ताणलेल्या चित्रावर, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना लावल्यामुळे फसतो.

पहिल्या पानावरची नोंद ‘आसा जाओयार माझे’ची. २०१४ चा बंगाली सिनेमा, दिग्दर्शक आदित्य विक्रम सेनगुप्ता. कंसात तुमची सूचना: ‘माझे म्हणजे आपलं माझे नव्हे, मधे.’ येण्या-जाण्याच्या मधे. मंदीतलं कलकत्ता, नवरा रात्रपाळीला छापखान्यात, बायको दिवसपाळीला पर्सच्या कारखान्यात. दोघांची गाठ पडते ती सकाळच्या काही मिनिटांपुरती. दोघांच्या तोंडी एक शब्द नाही. ऋत्विक चक्रवर्ती आणि बासवदत्ता चॅटर्जी, एवढीच माणसं. नावेला तुम्ही लिहिलंत: ‘८४ मिनिटं. पंखा बंद. फ्रिजसुद्धा बाजूच्या खोलीत असेल तर बरा.’

हे वाचून हसू येतं, पण कारण पक्कं आहे. संवाद नाहीत म्हणजे सगळी गोष्ट आवाजात आहे: सायकल, नळ, डब्यात पडणारे तांदूळ, खालून जाणाऱ्या मोर्चाच्या घोषणा. तापलेल्या कढईतले पाण्याचे थेंब चुरचुरत आटतात, मगच तेल पडतं. कॅमेरा तोवर हलत नाही. पंख्याच्या घरघरीत ती चुरचुर गेली, तर उरतं ते नुसतं कढईचं चित्र, आणि मग माणूस म्हणतो, ‘यात काही होतच नाही.’ या सिनेमाच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, तो उगाच नाही. आमची एक भर: बडोद्यात पंखा बंद ठेवणं डिसेंबर-जानेवारीतच जमतं, त्यातून १४ आणि १५ जानेवारी वगळा, उत्तरायणाला गच्चीगच्चीवर स्पीकर असतात. नवरात्राच्या नऊ रात्रींबद्दल तर बोलायलाच नको.

बासू भट्टाचार्य यांचे तीन तुम्ही एका कंसात बांधलेत: ‘अनुभव’ (१९७१), ‘आविष्कार’ (१९७४), ‘गृहप्रवेश’ (१९७९). तिन्ही लग्नानंतरचे. लग्नापर्यंत पोचायचे सिनेमे ढीगभर, त्यापुढचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ही तुमची नोंद आम्ही भिंतीवर लावली आहे. ‘अनुभव’मध्ये संजीव कुमार वर्तमानपत्राचा संपादक आणि तनुजा त्याची बायको. घर नोकरांनी भरलेलं, आणि नवरा-बायकोला एकमेकांपाशी बसायला जागा नाही. ती एक दिवस नोकर कमी करते, म्हातारे ए. के. हंगल तेवढे राहतात. इथूनच सिनेमा खरा सुरू होतो, म्हणून पहिला अर्धा तास सोडू नये हे तुमचं म्हणणं बरोबर. गर्दी पाहिल्याशिवाय नंतरचं रिकामं घर जाणवत नाही. गीता दत्त यांच्या आवाजातली गाणी कनू रॉय यांनी इतकी कमी वाद्यं घेऊन केली आहेत, की ती गाण्यापेक्षा घरात कोणीतरी गुणगुणल्यासारखी वाटतात. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्या गेल्या.

भांडण इथे आहे. तुम्ही तिन्ही लागोपाठ बघायला सांगता. नको. ‘आविष्कार’ एका लग्नाच्या वाढदिवसाच्या रात्रीवर उभा आहे, तीच घुसमट, तोच संथपणा. दोन्ही एका दिवशी पाहिले तर दुसऱ्याचं भांडण पहिल्याच्याच खात्यावर पडतं. मधे निदान आठवडा जाऊ द्यावा.

त्याऐवजी ‘अनुभव’ला लागून ‘रजनीगंधा’ (१९७४) बघावा, असं आम्ही चोपडीत पेन्सिलीने लिहिलंय, राग मानू नका. गंमत अशी की दोन्हींत पूर्वीचा प्रियकर म्हणून परत येणारा माणूस एकच, दिनेश ठाकूर. पहिल्यात तो बायकोचा भूतकाळ आहे, दुसऱ्यात लग्नाआधीचा पेच. ‘रजनीगंधा’ काही अपरिचित नाही हे मान्य. पण त्याची मूळ कथा, मन्नू भंडारींची ‘यही सच है’, आधी वाचून कोण बघतं? कथेत कानपूर आणि कलकत्ता आहे, दिग्दर्शक बासू चॅटर्जींनी दिल्ली आणि मुंबई केलं. कथा डायरीसारखी आहे, त्यामुळे नायिका दीपा ज्या गावात असते त्या गावातला माणूस तिला खरा वाटतो. पडद्यावर हे दाखवायला त्यांनी घड्याळ वापरलंय: आत्ताचा प्रियकर संजय नेहमी उशिरा, पूर्वीचा, म्हणजे नवीन नावाचा, वेळेवर. हे एवढं डोक्यात ठेवून बसलं तर विद्या सिन्हांचा चेहरा वाचायला सोपा जातो.

याच दिग्दर्शकाचा ‘सारा आकाश’ (१९६९) तुमच्या चोपडीत आहे याचा विशेष आनंद. कादंबरी राजेंद्र यादवांची, म्हणजे मन्नूजींच्या यजमानांची, आणि सिनेमा घेतलाय तिच्या पहिल्या भागावर. आग्र्यातलं एकत्र कुटुंब, शिकत असताना लग्न लावून दिलेला मुलगा, आणि एकमेकांशी न बोलणारं नवं जोडपं. महिनोन्‌महिने. के. के. महाजनांच्या कॅमेऱ्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधेच चित्र गोठतं तेव्हा डिस्क अडकली असं समजून कोणी रिमोट उचलू नये, एवढी सूचना उजव्या रकान्यात वाढवा.

‘पेस्टनजी’ (१९८८) हा तर घरचा सिनेमा. दिग्दर्शिका विजया मेहता जन्माने बडोद्याच्या, १९३४ च्या. त्यांचं नाटक सगळ्यांना ठाऊक, हा सिनेमा विचारला तर दहातले नऊ जण ‘कोणता?’ म्हणतात. दोन पारशी मित्र, एक मुलगी. नसिरुद्दीन शाह ठरवण्यात वेळ घालवतो, अनुपम खेर लग्न करून मोकळा होतो. मग पहिला आयुष्यभर मित्राच्या संसाराला देव्हाऱ्यात बसवून पूजतो, प्रत्यक्षात तो संसार कधीच विस्कटलेला असतो. तुमची जमेची ओळ: ‘दुसऱ्याच्या लग्नावर प्रेम करणारा माणूस.’ याहून चांगलं आम्हाला सुचलं नाही. नावे: शबाना आझमींची जेरू दर वेळी भेटते ती बदललेली असते, आणि मधली वर्षं कोणी सांगत नाही. ती आपणच भरायची.

मराठीतून तुम्ही एकच निवडलात, सचिन कुंडलकरांचा ‘गंध’ (२००९). तीन गोष्टी, तिन्ही वासावर. पहिलीत अमृता सुभाष आणि गिरीश कुलकर्णी: कला महाविद्यालयातली कारकून मुलगी एका विद्यार्थ्याच्या अंगाच्या सुवासावर भाळते आणि तो सुवास कुठून येतो ते शोधत जाते. फक्त प्रेमकथा हवी असेल तर पहिली बघून थांबता येतं, पण थांबू नये. तिसरीत नीना कुळकर्णी आहेत, कोकणातला पाऊस आहे आणि बाजूला बसवलेली बाई आहे. वासाची गोष्ट तिथे दुखरी होते.

आता परदेशी पानं. इथे तुमचा उजवा रकाना सगळ्यात उपयोगी पडला, कारण बिघाड बहुतेक यंत्रात असतो. तुमच्या सूचना आम्ही तपासून पुन्हा मांडल्या, झेरॉक्सवाल्यांनी इथून उतरवून घ्याव्यात.

डेव्हिड लीनच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ची (१९४५) लांबी ८६ मिनिटं. युरोपातली डीव्हीडी लावली तर तीच साडेब्याऐंशी भरते. प्रत कापलेली नसते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेला असतो आणि तिकडच्या टीव्हीसाठी तो २५ वर पळवतात. घोटाळा होतो तो सबटायटल वेगळं लावल्यावर: पहिल्या वाक्याला जुळतं, दहाव्या मिनिटाला २४ सेकंद मागे. तेव्हा ओळी पुढे-मागे सरकवून काही होत नाही, वेगच बदलावा लागतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये टूल्सखाली ट्रॅक सिंक्रोनायझेशन आहे, त्यात सबटायटलचा वेग मिळतो. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर मात्र नुसतं सरकवणं पुरे: ‘एच’ दाबलं की ओळ उशिरा, ‘जी’ दाबलं की लवकर, एका दाबाला सेकंदाचा विसावा भाग.

दुसरं, जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात. चित्र रुंद पडद्याला भरून घेतलं की सिलिया जॉन्सनचा चेहरा थाळीएवढा होतो. चित्राचा आकार ४:३ किंवा ‘मूळ’ ठेवा, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. तिसरं, नव्या टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, सेटिंगमध्ये ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ शब्द शोधावा. ती चालू असली की कोणताही सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

‘ब्रीफ एन्काउंटर’ सुरू होतो तो निरोपाने. स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत दोघं बसलेली असतात, एक बडबडी ओळखीची बाई येऊन टेबलाशी बसते, आणि तो उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून जातो. आपल्याला काहीच कळत नाही. शेवटी हाच प्रसंग पुन्हा येतो, आता तो हात काय आहे ते ठाऊक असतं. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत चहाचे कप आणायला कोणी उठायचं नाही, ही तुमची अट योग्यच.

फेई मू यांचा ‘स्प्रिंग इन अ स्मॉल टाऊन’ (१९४८) ज्यांना आवडेल त्यांनी ‘ब्रीफ एन्काउंटर’ आधी पाहिलेला बरा. युद्धात पडलेलं चिनी घर, आजारी नवरा, त्याची बायको, धाकटी नणंद, म्हातारा नोकर आणि पाहुणा आलेला डॉक्टर, जो नवऱ्याचा मित्र आणि बायकोचं जुनं प्रेम. पाचच माणसं. रात्री बाराला वीज जाते, मग मेणबत्त्या. एकाच खोलीत चालू असलेला प्रसंग मधेच विरघळतो आणि पुढे तिथेच उमटतो, जणू श्वास घेतला. राजकारण नाही म्हणून चीनमध्ये तो कैक वर्षं अडगळीत होता. १९८० च्या दशकात पुन्हा सापडला आणि २००५ मध्ये हाँगकाँगच्या फिल्म पुरस्कारांत चिनी सिनेमांच्या यादीत पहिला आला. विसाव्या मिनिटाला कंटाळा येईल असं तुम्ही लिहिलंय. आमच्या मते दहाव्यालाच येतो, आणि डॉक्टर आला की जातो.

एरिक रोमेरचा ‘द ग्रीन रे’ (१९८६) फोनवर बघू नका, यावर तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. मावळत्या सूर्याच्या कडेला, हवेतल्या वक्रीभवनाने, क्षणभर हिरवा ठिपका दिसतो. ज्यूल व्हर्नच्या १८८२ च्या कादंबरीत त्यावर प्रेमाची समजूत बांधलेली आहे आणि सिनेमा तिच्यावर उभा आहे. १६ मिलिमीटरची दाणेदार फिल्म, त्यात दाबून लहान केलेली प्रत, म्हणजे तो ठिपका गेलाच. डेल्फीन रडूबाई आहे, तिच्यावर चिडायला होतं. पण जेवणाच्या टेबलावर सगळे मांस खात असताना आपण का खात नाही हे ती समजावत बसते, तो प्रसंग बडोद्यातल्या कोणत्याही घरात लावा, तिला दोन मिनिटांत पाठिंबा मिळेल.

शेवटी ‘क्रिसमस इन ऑगस्ट’ (१९९८), दिग्दर्शक हुर जिन-हो, कोरियन. फोटो स्टुडिओ चालवणारा, थोडेच दिवस उरलेला तरुण आणि पार्किंगची दंडपावती फाडणारी मुलगी. प्रेमाचा एकही संवाद नाही. तुम्ही जमेला मुलीबद्दल काही न लिहिता बापाबद्दल लिहिलंत, आणि तेच खरं. मुलगा म्हाताऱ्या वडिलांना व्हिडिओ कसा लावायचा ते शिकवतो. कोणतं बटण आधी, कोणतं नंतर. वडिलांना जमत नाही, पुन्हा विचारतात, मुलगा वैतागून खोलीबाहेर जातो. मग कागद घेऊन, मोठ्या अक्षरांत, पायरी पायरीने लिहून ठेवतो. कोणासाठी आणि का, हे सिनेमा बोलत नाही. नावे: ‘आजारी माणूस घरात असेल तर आत्ता नको.’

चोपडीचा पुठ्ठा सुटला होता, कामाटी बागेसमोरच्या बाइंडरकडून शिवून घेतलाय. पानं जशीच्या तशी आहेत, पेन्सिलीची भर सोडून. एक मात्र विचारायचं राहिलं. एकेचाळिसाव्या पानावर नावेचा रकाना पूर्ण भरलाय: ‘९५ मिनिटं, पावसात, एकटीने, दिवा मालवून.’ जमेचा रकाना कोरा आहे, आणि वर सिनेमाचं नावच नाही. कोणता तो?

आपले,
दांडिया बाजारातले शनिवारवाले
बडोदा