डोंबिवलीतल्या फ्रेमवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, तेही सगळ्यांनी वाचावं असं.

आपल्या गावाला कलेचं वावडं कधीच नव्हतं. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली इथूनच सुरू झाली. त्या दिवशी रस्त्यांवर रांगोळ्या पाहाव्यात! नाटकाला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. कागदावर चित्र काढणाऱ्याला मात्र ते टांगायला भिंत शोधत फिरावं लागतं. मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, पण तिथली तारीख मिळायला वर्षं जातात. शिवाय इथून चित्रं न्यायची म्हणजे लोकलच्या मालडब्यात काच सांभाळत उभं राहायचं. आमच्यातले बहुतेक जण शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देऊन पुढे बँकेत, शिकवण्यांत, संसारात गुंतलेले. चित्र निघतं ते रात्री, स्वयंपाकघर आवरल्यावर. त्या चित्राला चौकट करायची तर ती रंग-कागदापेक्षा महाग. मग चित्रं गुंडाळी होऊन कपाटावर जातात आणि तिथेच राहतात.

तुम्ही हे ओळखलंत आणि आमच्याकडून कोणी न मागताच उपाय काढलात. आम्ही सगळे हाफ इम्पीरियल मापाच्या कागदावरच काम करतो, म्हणजे पंधरा बाय बावीस इंच. त्याच मापाच्या चौकटी तुम्ही करून ठेवल्यात, मागे फिरत्या पट्ट्या लावून. प्रदर्शनापुरतं चित्र आत सरकवायचं, संपलं की काढून घ्यायचं, चौकट तुमची तुम्हाला परत. भाडं विचारलं तर म्हणालात, "काच फुटली तर काचेचे द्या." एवढ्या एका गोष्टीमुळे किती गुंडाळ्या उलगडल्या! ज्यांनी आपली चित्रं घरच्यांखेरीज कोणाला दाखवली नव्हती, त्यांची चित्रं भिंतीवर आली.

आणि भिंत तरी कुठे होती? हॉल मिळाला तो खिळा मारायचा नाही या अटीवर. तुम्ही लोखंडी पाइपांचे स्टँड जोडून आणलेत, वर लाकडी पट्टी, तिला हुक. प्रत्येक चित्राचा मध्य पाच फुटांच्या आसपास यायला हवा म्हणून टेप घेऊन एकेक दोरी स्वतः कमी-जास्त केलीत. आम्ही दमून खुर्च्यांवर बसलो होतो, तुम्ही नाही.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तुम्ही शिकवलेलं. जलरंगाचं चित्र काचेला टेकलं की पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशीचे ठिपके उठतात, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तो नुसता शोभेचा नव्हे. चित्र चारी बाजूंनी चिकटवायचं नाही. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी धरायचं, कारण हवेबरोबर कागद फुगतो, आक्रसतो. त्याला हलायला जागा नसेल तर लाटा येतात. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बूच लावायचे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळतो. आपल्याकडच्या ओल्या भिंतींना हे किती लागू आहे! कलाशाळेत शिकलेल्यांनाही यातलं बरंच नवं होतं. आम्हाला रंग लावायला पुष्कळांनी शिकवलं. चित्र टिकवायचं कसं, ते तुम्ही.

आमच्यातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेची तरुणपणीची निसर्गचित्रं तुम्हाला आठवत असतील. कडेची सेलोटेप पिवळी पडून कागदात उतरली होती. बाई म्हणाल्या, "कडा कापून टाका." तुम्ही ऐकलं नाहीत. हेअर ड्रायरची मंद ऊब देत, पातळ सुरीने, संध्याकाळभर ती पट्टी केसाकेसाने सोडवलीत, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलंत. त्या चित्रांना बाजारात काय किंमत येईल हे तुम्ही विचारलं नाहीत. बाईंच्या सह्या त्या कडांवर होत्या, एवढं तुम्ही पाहिलं होतंत. मोठ्या नावाच्या चित्राला जो मान मिळतो, तोच तुम्ही शेजारच्या गल्लीतल्या चित्राला दिलात. उपनगरातल्या चित्रकाराला असा मान फार क्वचित मिळतो, म्हणून आम्हाला तो विसरता येत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा प्रदर्शन भरवतो आहोत. चित्राखालच्या पाटीवर चित्रकाराचं नाव असतंच; या वेळी त्याखाली चौकट आणि मांडणी कोणाची, तेही लिहायचं सगळ्यांनी ठरवलं आहे. तुम्ही नको म्हणाल, पण पाट्या छापायला टाकल्या आहेत. काकूंना घेऊन पहिल्याच दिवशी या.

आपली,
डोंबिवलीतल्या चित्रकार मंडळींच्या वतीने एक जलरंगवाली