वरच्या खोलीतल्या भाऊला, त्या दोन ए बी साठी

प्रिय भाऊ,

तुझा जुना नंबर लागत नाहीये म्हणून इथे लिहितेय, तुझ्या अभ्यासिकेतलं कोणीतरी वाचेल आणि तुझ्यापर्यंत पोचवेल या आशेवर. नाव मुद्दाम टाकत नाही, तुला ते आवडायचं नाही. नारायण पेठेत आमच्या वरच्या खोलीत कॉट बेसिसवर राहायचास, चाळीसगावकडचा, एमपीएससी करायचास, आणि खाली खिडकीत मशीन लावून फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणारी मी, एवढं पुरे ओळखायला.

भाऊ, मी दहावी पास झाले. गणितात 64. भाग एक आणि भाग दोन मिळूनच मार्क येतात त्यामुळे बीजगणिताचे किती ते वेगळं कळत नाही, पण तो 40 मार्कांचा पेपर मी पूर्ण दोन तास लिहिला, एकही प्रश्न कोरा सोडला नाही.

तुला मी कधी नीट सांगितलंच नव्हतं की मला बीजगणिताची एवढी भीती का होती. आठवीत असताना आमच्या बाईंनी विस्तार सूत्रं फळ्यावर लिहिली आणि पन्नास पन्नास वेळा लिहून आणा म्हणाल्या, मी लिहिली, रात्री कंदील लावून लिहिली, आणि चाचणीत तरी ए अधिक बी कंसाचा वर्ग बरोबर ए वर्ग अधिक बी वर्ग असंच लिहून आले, मधलं दोन ए बी विसरूनच. त्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं. पन्नास वेळा बरोबर लिहिलेलं एक्कावन्नाव्या वेळी चुकतं कसं हे मला तेव्हा कळलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, पुण्याला आले, आणि पोरगी कॉलेजात गेल्यावर तिनेच मागे लागून 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भरायला लावला. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणली आणि पहिल्याच आठवड्यात परत तेच, ए वर्ग अधिक बी वर्ग.

त्या संध्याकाळी तू पँट अल्टर करायला घेऊन आलास, मशीनवर माझी वही उघडी होती. तू वही वाचलीस, चूक काढली नाहीस, फक्त विचारलंस, ताई तीन आणि चार किती? मी म्हटलं सात. साताचा वर्ग? एकोणपन्नास. तीनचा वर्ग आणि चारचा वर्ग मिळून? पंचवीस. मग म्हणालास, 24 कुठे गेले ताई, शोधा. आणि टोपलीतून अस्तराचं एक उरलेलं कापड काढून माझ्या हातात दिलंस, 7 इंचाचा चौरस कापा म्हणालास.

मी कापला. एका बाजूने 3 इंचावर खडूची रेघ, दुसऱ्या बाजूने 3 इंचावर रेघ, आणि त्या रेघांवर कात्री चालवली. चार तुकडे झाले. एक 3 बाय 3 चा छोटा चौकोन, एक 4 बाय 4 चा मोठा, आणि दोन लांबट तुकडे, 3 बाय 4 चे. दोन्ही चौकोन तू उचलून बाजूला ठेवलेस आणि माझ्या हातात ते दोन लांबट तुकडेच राहिले. 12 आणि 12. मी कितीतरी वेळ ते बघत बसले होते. दोन ए बी म्हणजे हे? म्हणजे मी इतकी वर्षं दोन तुकडे न जोडताच गोधडी पूर्ण झाली म्हणत होते, आणि मधे भोकं राहिली होती. तेव्हापासून ते दोन ए बी मी एकदाही विसरले नाही, खरंच एकदाही नाही.

मग पुढचं तर मी स्वतःच मागायला लागले, तुला आठवत असेल. वजाच्या सूत्रात, म्हणजे ए वजा बी कंसाच्या वर्गात, शेवटी बी वर्ग अधिक का, हे मला कधीच पटत नव्हतं, वजा करायचं तर सगळंच वजा हवं ना. तू 10 इंचाचा चौरस घ्यायला लावलास आणि बाजूची 3 इंचाची पट्टी काढा म्हणालास, गेले 30, आता वरची 3 इंचाची पट्टी काढा, परत 30 वजा. पण कोपरा तर पहिल्याच पट्टीत गेला होता! दोनदा कापलेला कोपरा एकदा परत द्यायचा म्हणून अधिक 9. शंभरातून 60 गेले, 9 परत आले, 49, म्हणजे साताचा वर्ग.

आणि ए वर्ग वजा बी वर्ग. हे सगळ्यात सुंदर आहे असं माझं मत आहे. 10 इंचाच्या चौरसाच्या कोपऱ्यातून 3 इंचाचा चौकोन कापला की उरतो तो वाकडा तुकडा, गळ्याचा कट घेतल्यावर राहतो तसा. त्याला एकच सरळ कट दिला, 10 बाय 7 ची एक पट्टी आणि 3 बाय 7 ची दुसरी, आणि दोन्ही 7 च्या बाजूने जोडल्या की अख्खी 13 बाय 7 ची पट्टी. 91. दहा अधिक तीन गुणिले दहा वजा तीन. मी ते खरोखर शिवलं तर शिलाईत अर्धा अर्धा इंच जातो म्हणून 13 भरेना, तर तू म्हणालास सूत्रात मार्जिन नसतं ताई, खडूच्या रेघेने मोजा. त्यानंतर 98 गुणिले 102 मला तोंडी यायला लागलं, शंभराच्या वर्गातून दोनचा वर्ग वजा, 9996. बोहरी आळीत अस्तराचा हिशोब मी तोंडी सांगितला तेव्हा दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर परत करून बघितलं होतं आणि ते बरोबर आलं होतं.

तुझी अजून एक गोष्ट सांगायचीये. समजलं की पाठ करायची गरज नाही असं बरेच जण म्हणतात, माझी पोरगीसुद्धा म्हणायची. तू तसं म्हणाला नाहीस. म्हणायचास, आधी कापून बघा आणि मग पाठ कराच, कारण पेपरात कात्री नसते आणि वेळही नसतो. सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी कोऱ्या कागदावर सगळी सूत्रं न बघता लिहायची, अडलं ते मोकळं सोडायचं, मग पुस्तक उघडून फक्त तेवढंच भरायचं, संध्याकाळी परत एकदा, मग दोन दिवस सोडून. प्रत्येक सूत्रात छोटे आकडे टाकून दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. हे मी वर्षभर केलं, लग्नसराईत ब्लाउजची लाइन लागलेली असतानासुद्धा, गणपतीत बाहेर ढोल वाजत असतानासुद्धा. मशीनच्या पायडलवर बोलायचे मी ती सूत्रं, ए वर्ग, दोन ए बी, बी वर्ग.

दोन चलांच्या समीकरणांना मी घाबरले तेव्हा तू भास्कराचार्यांचं सांगितलंस, की त्यांच्या बीजगणितात, 1150 च्या सुमाराला, एक्स वाय नव्हतेच, पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा! माझ्या डब्यात रिळंच रिळं. मग दोन निळी आणि एक पिवळं मिळून इतके रुपये, एक निळं आणि तीन पिवळी मिळून तितके, असं मांडून मी एक रंग काढून टाकायला शिकले. आणि हेही तूच सांगितलंस की तुमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. ते सांगताना तुझा चेहरा किती खुलला होता. तुझी प्रिलिम गेली होती त्या आठवड्यात, मला नंतर कळलं.

वर्गसमीकरणाचं सूत्र मला सगळ्यात अवघड गेलं. वजा बी अधिक-वजा वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, आणि भागिले दोन ए. ती रेघ मी फक्त मुळाखालीच ओढायचे, वजा बी बाहेर राहायचा, आणि बी जर वजा 5 असेल तर वजा बी म्हणजे 5 होतो हेही निसटायचं. तेव्हा तू भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांची रीत दाखवलीस, भास्कराचार्यांनी नाव घेऊन दिलेली, सी उजवीकडे न्या, सगळ्याला चार ए ने गुणा आणि दोन्हीकडे बी वर्ग मिळवा. मी गुणलं, मिळवलं, आणि डावीकडे जे आलं त्याच्याकडे बोट दाखवून तू गप्प बसलास. चार ए वर्ग एक्स वर्ग, चार ए बी एक्स, बी वर्ग. मधल्या पदात मला ते दोन लांबट तुकडे दिसले भाऊ! दोन ए एक्स अधिक बी, कंसाचा वर्ग. अमृततुल्यचा चहा तिथेच गार झाला आपला. पेपरात वर्गसमीकरण आलं तेव्हा सूत्र घातलं, रेघ पूर्ण ओढली, आणि उत्तर परत समीकरणात टाकून शून्य येतं का ते बघितलं, तू शिकवलंस तसं.

तू पैसे घेतले नाहीस. पँटचे 40 रुपये मात्र प्रत्येक वेळी दिलेस, मी नको म्हटलं तरी. डबा दिला तर डबा घासून आणायचास. आणि जायच्या दिवशी तुझ्या वह्या रद्दीत चालल्या होत्या त्यातली एक मी मागून घेतली, चौकोनी कागदाची. तिच्या शेवटच्या पानावर तू माझ्यासाठी लिहिलं होतंस, ताई आता ए अधिक बी अधिक सी, कंसाचा वर्ग, कापून बघा.

बघितलं. 3, 4 आणि 5 इंच घेतले, 12 इंचाचा चौरस, नऊ तुकडे झाले. तीन चौकोन, 9, 16, 25, आणि लांबट तुकड्यांच्या तीन जोड्या, 12 च्या दोन, 15 च्या दोन, 20 च्या दोन. 144 बरोबर आले. चौकोन लाल खणाचे घेतलेत आणि जोड्यांना काळा, निळा, पिवळा. या वेळी मार्जिन आधीच जास्त धरलं होतं, त्यामुळे शिवल्यावरही 12 इंच बरोबर भरतं. उशीचा अभ्रा केलाय त्याचा, तुझ्यासाठी ठेवलाय, मशीन अजून त्याच खिडकीत आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
खालची ताई